घागर रांगेत, लेकरू सावलीत

रांगेत कसं उभं राहायचं हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. टँकरची रांग, रेशनची रांग, खताची रांग, पीकविम्याचा फॉर्म भरायला सेतू केंद्रापुढची रांग, अनुदान आलं की अंगठा द्यायला बँकेत पुन्हा रांग. २०१६च्या उन्हाळ्यात लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली होती, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून शहराला पाणी आलं. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना आठवत असेल, टँकरच्या रांगेत माणसं थोडी आणि घागरी फार असायच्या. निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या घागरी, तेलाचे रिकामे डबे, कॅन, एकामागे एक. बाया लिंबाखाली नाहीतर कुणाच्या तरी ओट्यावर. टँकरचा हॉर्न ऐकला की उठायचं. मधेच कुणी आपली घागर पुढे सरकवली तर बोंब मारायला दहा जणी तयार. पण बाई स्वतः उन्हात उभी नाही म्हणून तिचा नंबर गेला, असं मात्र कुणी म्हणायचं नाही. नंबर घागरीने धरलेला, पाणी बाईचं.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या लेकराला रांगेत कसं सांभाळायचं हा प्रश्न आपल्याकडे नेहमी आईबापाला विचारला जातो. मला तो रांग लावणाऱ्यांना विचारायचाय. घागरीला जी सोय आपण बिनबोभाट देतो, ती या लेकरांना द्यायची म्हटलं की दवाखान्यापासून देवस्थानापर्यंत सगळ्यांना एकदम नियम कसे आठवतात?

मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा ऑटिस्टिक आहे. नऊ वर्षांचा, अंगाने दणकट, बोलणं मोजकं. त्याच्याबरोबर कुठेही जायचं तर दोन मोठी माणसं लागतात, एक रांगेत उभं राहायला आणि एक त्याच्याबरोबर फिरायला. त्यातलं रांगेतलं माणूस बहुतेक वेळा मी असते. म्हणून लोक काय बोलतात ते मला पुढून-मागून दोन्हीकडून ऐकू येतं.

एका सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी घ्या. दवाखान्याचं नाव सांगून उपयोग नाही, सगळीकडे चित्र तेच. पुढे किती जण आहेत ते दिसत नाही, कारण रांग खांबाला वळसा घालून गेलेली. वर पंखा खटखट करतोय. फिनाईलचा वास. मागच्या माणसाची पिशवी दर अर्ध्या मिनिटाला पाठीला लागते. मधेच भिंतीवरचा भोंगा खरखरतो आणि कुणाचं तरी नाव पुकारलं जातं. आपल्या कानाला हे आवाज सवयीने बोथट झालेत. भाच्याच्या कानावर ते सगळे एकाच वेळी, एकाच जोराने येऊन आदळतात. तो आधी दोन्ही कान दाबतो. मग घशातून एकसुरी ‘म्म्म’ सुरू होतं, बाहेरचा आवाज आतल्या आवाजाने झाकायला. तेही पुरेनासं झालं की अंगठ्याच्या मुळाशी स्वतःचाच हात चावतो. तिथे आता घट्टा पडलाय. शेवटी फरशीवर बसकण मारतो आणि मग त्याला उठवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

इथवर आलं की रांग बोलायला लागते. “लेकरू असं काहून करायलंय बाई?” हा त्यातल्या त्यात बरा प्रश्न, विचारणाऱ्याला खरंच काळजी असते. मग “मोबाईल देऊन देऊन वाया घालवलंय,” मग “दोन ठेवून द्या कानाखाली, गप होतंय की नाही बघा,” आणि एखादी आजी जवळ येऊन हळूच, “बाहेरचं काही असंल, दाखवलं का कुणाला?” बहीण त्याला उचलून बाहेर लिंबाखाली नेते. दहा मिनिटांत तो शांत होतो. ती परत येते तर खिडकीतून ऐकायला मिळतं, “नंबर गेला तुमचा, मागून या.” मी रांगेत असले तर नंबर राहतो, पण मग मागचे म्हणतात, “मघाशी तर तुम्ही एकल्याच होत्या!”

हट्ट आणि हे यांतला फरक कळला तर निम्मी भांडणं मिटतील. हट्टी पोराचा एक डोळा आपल्यावर असतो, आपण बघतोय का ते ते बघत असतं. हवी ती वस्तू मिळाली की रडणं थांबतं. फरशीवर बसलेल्या माझ्या भाच्याला कुणी बघतंय का याच्याशी काही देणंघेणं नसतं आणि त्याला हवी अशी कुठली वस्तूही नसते. त्याला तिथून बाहेर पडायचं असतं आणि ते सांगायला त्याच्याकडे त्या क्षणी शब्द नसतात. चॉकलेटने ते थांबत नाही, मारल्याने तर वाढतं.

आता यातला खरा विनोद ऐका. या मुलांना ज्या काही सवलती आहेत त्यांच्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ऑटिझमला कायद्यात दिव्यांगत्व म्हणून जागा मिळायलाच वेळ लागला. १९९५च्या कायद्यात ज्या सात प्रकारांची यादी होती तिच्यात ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारांच्या यादीत बसला. प्रमाणपत्रासाठी तपासणी करायची ती इसा या भारतीय मोजपट्टीने: चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज सत्तरच्या खाली आली तर ऑटिझम नाही. मूल डोळ्याला डोळा देतं का, आवाजाने बिथरतं का, बदल झाला की अस्वस्थ होतं का, असं सगळं त्यात शांतपणे बघायचं असतं. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी जायचं. तालुक्याहून, वाडीवरून आलेली सगळी कुटुंबं त्याच दिवशी, त्याच व्हरांड्यात. म्हणजे गर्दीत आणि ताटकळण्यात ज्याला त्रास होतो हे सिद्ध करायचंय, त्याला आधी गर्दीत ताटकळत ठेवायचं. बरं, पुष्कळ मुलांना प्रमाणपत्र मुदतीचं मिळतं. मुदत संपली की पुन्हा तोच व्हरांडा. आधारचंही तसंच. पाच वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन. अनोळखी माणूस बोट धरून काचेवर दाबतोय आणि दुसरा डोळ्यापुढे यंत्र आणतोय, हे ज्याला परक्याचा स्पर्श सोसत नाही अशा पोराकडून कसं करवून घ्यायचं ते ऑपरेटरला कुणी शिकवलेलं नसतं. मागची रांग तोवर ओरडत असते.

दवाखान्यापुरतं कायदा संदिग्ध नाही. २०१६च्या अधिनियमाचं २५वं कलम म्हणतं की दिव्यांग व्यक्तींना तपासणीत आणि उपचारात प्राधान्य मिळेल अशी व्यवस्था सरकारने आणि स्थानिक संस्थांनी करायची आहे. त्यामुळे तिथे माझी मागणी सरळ आहे: आधी घ्या. उपकार म्हणून नव्हे, कायदा आहे म्हणून. केसपेपरच्या खिडकीवर ‘ज्येष्ठ नागरिक, गरोदर माता’ अशी पाटी असते, तिथे आणखी एक ओळ रंगवायला पैसे लागत नाहीत. आणि ती ओळ नुसतं ‘दिव्यांग’ एवढ्यावर थांबू नये. दिव्यांग म्हटलं की खिडकीतल्या माणसाची नजर आधी पायांकडे जाते. माझ्या भाच्याचे पाय उत्तम आहेत, तो पळायला लागला तर मला सापडत नाही.

देवळात आणि जत्रेत मात्र माझी मागणी वेगळी आहे, आणि इथे माझं माझ्या बहिणीशीही पूर्ण जमत नाही. ती म्हणते, तिथेही पुढे सोडावं, दोन मिनिटांचा तर प्रश्न. मला वाटतं तिथे पुढे सोडू नये, नुसतं उभं करू नये. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि सगळा वाद त्या एकच समजल्यामुळे होतो.

हा फरक अमेरिकेत डिस्नेच्या उद्यानांना पैसे आणि अब्रू दोन्ही घालवून कळला. तिथे पाळण्यांत, खेळांत बसायला तासतासभर रांगा असतात. दिव्यांगांसाठी एक कार्ड होतं, ते दाखवलं की बहुतेक ठिकाणी वेगळ्या दाराने लवकर आत जाता यायचं. २०१३च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने बातमी दिली की काही श्रीमंत कुटुंबं तासाच्या भाड्याने दिव्यांग माणूस बरोबर घेतात आणि त्याच्या नावावर सगळं घरदार रांग टाळून आत घुसतं. गदारोळ झाला. त्या ऑक्टोबरात डिस्नेने पद्धत बदलली. नव्या पद्धतीत मुलाने कार्ड दाखवलं, तेव्हा रांग एक तासाची असेल तर त्याला साधारण एका तासानंतरची वेळ मिळायची. तो तास कुठेही घालवा, आइस्क्रीम खा, झाडाखाली बसा, वेळ झाली की या. लवकर जायचा फायदाच उरला नाही, त्यामुळे भाड्याच्या माणसांचा धंदाही बसला. यात घागरीपेक्षा वेगळं काय आहे? आपल्या बायांनी हे लिंबाखाली बसून केलं होतं, कुणी त्याला योजना म्हटलं नाही एवढंच.

काही पालकांना तेही पटलं नाही, ते कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की आमच्या मुलाच्या डोक्यात खेळांचा एक क्रम पक्का असतो, त्याला ‘नंतर ये’ कळतच नाही, थांबायची जागा बदलून काय उपयोग? त्यातल्या एका खटल्याचा निकाल २०२०मध्ये डिस्नेच्या बाजूने लागला. मला त्या आईबापांचं दुःख कळतं. तो ठरलेला क्रम माझ्या घरातही आहे: आधी बसस्टँडवरचं रसवंतीगृह, मगच रिक्षा, उलटं झालं की दिवस गेला. तरीही निकाल मला योग्य वाटतो. देवळात माझ्या मागे उभी असलेली उस्मानाबादेकडची म्हातारी, म्हणजे आता धाराशिव म्हणायचं, तिचे गुडघेही दुखतायत आणि तिला संध्याकाळची एसटी गाठायची आहे. तिच्या पुढे घुसायचा हक्क मला नको. माझ्या लेकराने पाइपांच्या पिंजऱ्यात उभं राहू नये एवढाच हक्क हवाय.

हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. तिरुपतीला जाऊन आलेल्यांना विचारा, मराठवाड्यात असं घर नसेल ज्यातलं कुणी गेलं नाही. तिथे फुकटच्या सर्वदर्शनालाही वेळ छापलेलं टोकन मिळतं. लाखोंच्या गर्दीला जे जमतं ते आपल्या देवस्थानांना का जमू नये?

आता देवळांतल्या समतेबद्दल थोडं. ‘देवापुढे सगळे सारखे, रांगेतच यावं लागेल’ हे वाक्य मला सुनावलं गेलंय. ते ऐकताना बाजूच्या दारातून पास घेतलेली मंडळी आत जात होती. मोठ्या देवस्थानांत पैसे भरून लवकर दर्शन मिळतं हे काही लपलेलं नाही, त्याच्या दराचे फलक लागलेले असतात. वशिल्याने जाणाऱ्यांचा तर फलकही नसतो. मला त्यावर आत्ता भांडायचं नाही. पण ज्या रांगेला पैशासाठी एक दार आहे आणि खुर्चीसाठी दुसरं, तिने एका नऊ वर्षांच्या पोराला समतेचा धडा द्यावा हे मात्र अति झालं.

आणि आपली देवळं तरी कशी! तुळजापूरला पायऱ्या उतरत जायचं, खाली संबळ, घंटा, ‘आई राजा उदे उदे’, हळदी-कुंकवाचा दरवळ, ओले कपडे. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गर्भगृहात खाली, वाकून, एकेकाने उतरायचं. वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी अंगातलं शर्ट-बनियन काढायचं. बनियनच्या शिवणीसकट सगळ्याची एक सवय लागलेल्या पोराच्या दृष्टीने यातली एकेक गोष्ट डोंगराएवढी आहे. गंमत अशी की आवाज सगळ्यांना सारखाच नको असतो असंही नाही. माझ्या भाच्याला भोंगा सहन होत नाही, पण संबळ प्रिय आहे. गोंधळी वाजवायला लागला की हा त्याच्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसतो आणि डोलतो. एक ऑटिस्टिक पोर बघितलं म्हणजे एकच बघितलं. म्हणून ‘त्यांना गर्दी झेपत नाही, घरी ठेवा’ हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. त्याला देवळात यायचंय. त्याला फक्त लोखंडी पाइपांत अडकायचं नाहीये.

त्या पाइपांबद्दल तर वेगळं लिहायला हवं. नवरात्रात, श्रावणी सोमवारी, महाशिवरात्रीला रांगेसाठी बॅरिकेड लावतात. दोन्हीकडून कमरेच्या वरपर्यंत पाइप, नागमोडी वळणं, एकदा शिरलं की दर्शन होईपर्यंत सुटका नाही. ऑटिस्टिक मूलच कशाला, चक्कर आलेली गरोदर बाई किंवा साखर उतरलेला म्हातारा यांनाही बाहेर पडता येत नाही, पाइपाखालून वाकून काढावं लागतं. ठरावीक अंतरावर एक उघडणारी फळी आणि तिथे एक स्वयंसेवक, एवढी सुधारणा झाली तर निम्मा प्रश्न सुटेल. बाहेर पडता येईल हे माहीत असलं की पुष्कळ मुलं बाहेर पडतच नाहीत. हे मी ठामपणे सांगते, कारण भाच्याच्या बाबतीत दार दिसत राहणं हेच अर्धं औषध आहे.

एक आक्षेप असा येतो की मुलाला सवय लावायला नको का? जग थोडंच त्याच्यासाठी थांबणार आहे? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो बरोबर आहे. थांबायला शिकवावंच लागतं आणि शिकवता येतं. माझ्या बहिणीने पिठाच्या गिरणीवर सुरुवात केली. दुपारी, गिऱ्हाईक नसताना. गिरणीतही डबेच रांगेत असतात, पुढचा डबा उचलला की आपला सरकतो, म्हणजे आपली पाळी जवळ येतेय हे पोराला डोळ्याने दिसतं. शिवाय तो फिरणारा पट्टा त्याला तासभर गुंतवून ठेवतो. आधी पुढे एकच डबा असायचा, मग दोन. खिशात चित्रांची दोन कार्डं: आधी डबा, मग घर. वाळूचं घड्याळ. काही महिन्यांनी तो गिरणीत इतरांपेक्षा शहाणा झाला, कुणी मधे डबा घुसवला की ओरडतो आणि गिरणीवाले मामा हसत डबा मागे ठेवतात. पण या शिकवणीची एक अट आहे. रांगेला शेवट असला पाहिजे आणि तो दिसला पाहिजे. खांबाआड वळलेल्या, कधी सरकेल कधी नाही अशा रांगेत ‘आत्ता होईल, आत्ता होईल’ म्हणत उभं केलं की मूल थांबायला शिकत नाही, मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही एवढं शिकतं. ज्याला पोहायला शिकवायचं त्याला आपण पहिल्या दिवशी गोदेच्या पुरात ढकलत नाही.

आणि ज्या दिवशी काम महत्त्वाचं आहे तो दिवस शिकवायचा नसतो. ताप आलेल्या पोराला डॉक्टरकडे नेताना त्याला संयमाचा धडा द्यायचा नसतो.

दुसरा आक्षेप गैरफायद्याचा. “उद्या सगळेच म्हणतील आमचं पोरगं ऑटिस्टिक आहे.” म्हणू देत की. वेळेचं टोकन घेऊन कुणाला काय मिळणार आहे? पाळी तीच, तेवढाच वेळ, फक्त सावलीत बसून. उद्या एखाद्या धडधाकट माणसाने खोटं सांगून सावलीत बसायची सोय मिळवली तर देवस्थानाचं काय बिघडलं? खरं तर मग सगळ्यांनाच टोकन द्यावं असं कुणाच्या तरी डोक्यात येईल आणि बरंच होईल. पुरावा मागायचाच असेल तर दवाखान्यातल्या प्राधान्यासाठी मागा, तिथे खरोखर पुढे जाणं आहे. पण तिथेही आईने तोंडी सांगितलेलं आधी धरावं आणि कागद नंतर बघावा, कारण ज्या पोराला पहिल्यांदाच तपासायला आणलंय त्याच्याकडे प्रमाणपत्र असणार कुठून? प्रमाणपत्र मिळवायलाच तर ते आलंय.

एसटीचं काय, असं विचाराल तर तिथे रांगच नाही. गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल, पिशवी, प्रसंगी लहान पोर आत टाकून जागा धरायची ही आपली रीत. जागा धरण्याची कल्पना आपल्याला किती सहज पटते बघा! दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, राखीव आसनही आहे, पण दारातल्या रेटारेटीतून त्या आसनापर्यंत पोचायचं कसं याचं उत्तर सवलतीत नाही. माझा अनुभव असा की कंडक्टरला गाडी सुटायच्या आधी बाजूला घेऊन सांगितलं तर दहातले बरेच जण ऐकतात, आधी चढवून घेतात. म्हणजे माणसं वाईट नाहीत. त्यांना तसं करायचा अधिकार आहे हे कुणी त्यांना लेखी सांगितलेलं नाही, म्हणून ते चोरून चांगुलपणा करतात.

जत्रेत आणखी एक भीती असते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा घ्या, घोडे, उंट, पाळणे, तमाशाचे फड, भोंग्यावर भोंगे. मूल हरवलं की ‘हरवले-सापडले’ कक्षातून पुकारा होतो: “निळा शर्ट घातलेला अमुक नावाचा मुलगा, जिथे असशील तिथून मंडपाकडे ये.” सगळी व्यवस्था या गृहीतकावर उभी की मूल आपलं नाव ऐकून येईल, नाहीतर पोलिसाला नाव-गाव सांगेल. माझा भाचा नावाला ओ देत नाही, आणि भोंग्याच्या उलट दिशेने पळतो. अशी मुलं पाण्याकडे ओढली जातात हे ज्यांच्या घरी आहेत त्यांना माहीत असतं. म्हणून शोध पुकाऱ्याने नव्हे, विहीर, तळं, नदीचा घाट इथे आधी माणूस पाठवून सुरू करायला हवा. बंदोबस्ताच्या दिवशी सकाळी पोलिसांना हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? आम्ही त्याच्या मनगटावर फोन नंबर पेनाने लिहितो. दोरा बांधला तर तो कुरतडून टाकतो.

आता मोठा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक होता. हा हिशेब नुसता तोंडी करून बघा. नवरात्रातल्या कुठल्याही रात्री रांगेत हजारो माणसं असतात. त्यांत दहावीस तरी दिसायला हवेत. मला आमच्याशिवाय क्वचित कुणी दिसतं. मग ते आहेत कुठे? घरी आहेत. आईपाशी. बाप दर्शनाला गेलाय, आजी गेलीय, चुलत भावंडं गेलीत, लग्नाला, बारशाला, बाजाराला सगळे गेलेत, आणि एक बाई आणि एक लेकरू दाराला आतून कडी लावून बसलेत. ती बाई किती वर्षांत माहेरी गेली नाही ते विचारून बघा. मूल रांगेत ओरडतं हे दिसतं, म्हणून ती अडचण ठरते. बाई घरातून नाहीशी झालीय हे दिसत नाही, म्हणून ती कुणाचीच अडचण नाही.

लोकांनी काय करावं असं मला विचारतात. फार काही नको. बघत उभं राहू नये, मोबाईल काढून शूटिंग तर मुळीच करू नये. जागा मोकळी करावी, भोवती घोळका करू नये. आईला “मी तुमचा नंबर धरते, तुम्ही जाऊन या,” एवढं म्हणावं. घागर धरायचोच की एकमेकींची. आणि सल्ला द्यायचाच असेल तर मूल शांत झाल्यावर द्यावा, तेव्हा आम्ही चहा पाजून ऐकू. जे ‘दोन ठेवून द्या’वाले आहेत त्यांच्यासाठी कायद्यात ९२वं कलम आहे, चारचौघांत दिव्यांग व्यक्तीला हिणवण्याच्या हेतूने अपमान केला किंवा दमदाटी केली तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. ते कुणावर लावावं असं मला वाटत नाही. रांगेतली बहुतेक माणसं उन्हाने आणि तासन्‌तास उभं राहून आधीच करपलेली असतात, त्यांच्या तोंडून निघणारी प्रत्येक गोष्ट मनातून आलेली नसते.

व्यवस्थेकडून मात्र मागणं आहे आणि ते अगदी हाताशी आहे. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग २०२२च्या ३ डिसेंबरला सुरू झाला. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा, असा नियम आहे. तो पैसा वर्षाच्या शेवटी घाईघाईने खात्यांवर वाटून टाकला जातो. प्रत्येक मोठ्या यात्रेआधी जिल्हाधिकारी कार्यालयात नियोजनाची बैठक होते, तिच्यात पाणी, वीज, आरोग्य पथक, पार्किंग, शौचालयं, बंदोबस्त असे विषय ठरलेले असतात. त्यात एक विषय वाढवायचा: रांगेत उभे राहू न शकणाऱ्यांची टोकन खिडकी. एक टेबल, एक वही, रबरी शिक्का, एक शाळकरी हस्ताक्षराचा स्वयंसेवक. नाव, किती जण, आत्ताच्या रांगेच्या हिशेबाने येण्याची वेळ. शेजारी कापडाने तीन बाजू झाकलेला एक मंडप, ज्यात भोंग्याचं तोंड दुसरीकडे फिरवलेलं असेल आणि एक सतरंजी. मनोऱ्यावरचे दिवे आणि सीसीटीव्हीचं जाळं उभं करणाऱ्यांना हे अवघड नाही.

येत्या नवरात्राआधी अशी बैठक तुमच्या जिल्ह्यात होईल तेव्हा तिथे जाणाऱ्या कुणाच्या तरी ओळखीने हा विषय वहीत लिहून घ्यायला सांगा. आम्ही आमच्याकडे अर्ज दिलाय, पोचही घेतलीय.